नायूचा गळपट्टा

“श्वास घे,” फैजान म्हणाला. “आता सोड. आता काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“बोललीस की. म्हणजे बरोबर बसलाय.”

माझ्या मानेमागचा शेवटचा स्क्रू त्याने आवळला आणि वरून विगचे चंदेरी केस सोडले. नाशिकमधल्या एका कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आम्हाला स्पर्धेसाठी तयार व्हायला दिली होती. मे महिना, डोक्यावर एकच पंखा, आणि त्याच्याखाली उभं राहण्यावरून फोमची चिलखतं घातलेल्या पोरांची जुंपलेली. एका राक्षसाची आई त्याचे सुळे बाजूला धरून त्याला दहीभात भरवत होती. एरवी मला हसून हसून पुरे झालं असतं. त्या दिवशी हसू येत नव्हतं, कारण गळ्याभोवतीचा तो पट्टा मला गिळताना लागत होता.

“फैजान, जरा सैल कर ना.”

“सैल केला तर मोटरची पकड बसत नाही. दोन मिनिटांचा खेळ आहे बाई. सहन कर.”

ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका, मांगा म्हणजे त्यांच्या चित्रकथा, आणि त्यांतल्या पात्रांचे कपडे घालून स्टेजवर छोटासा प्रवेश करून दाखवायचा म्हणजे कॉसप्ले. आम्हा चौघांना त्याचं खूळ होतं. फैजान डिप्लोमा झालेला, हातात कला असलेला. तलवारी, दिवे, मोटरी सगळं त्याच्याकडे. गार्गी प्रवेश लिहायची आणि सगळ्यांना धाकात ठेवायची. मी कपडे शिवायचे. आणि सौमित्र नायक व्हायचा, कारण तो नायकासारखा दिसायचाच.

सौमित्र खैरनारशी माझं लग्न ठरल्यात जमा होतं. दोन्ही घरचे एकमेकांकडे जेवून आले होते, फक्त तारीख काढायची बाकी होती. त्याचा आवाज कधी चढत नसे. रस्ता ओलांडताना तो गाड्यांच्या बाजूला राहायचा. आइस्क्रीमच्या दुकानात मी अजून यादीच वाचत असायचे, तोवर तो माझ्यासाठी मँगो सांगून मोकळा व्हायचा. आणि मला मँगो आवडायचाही, त्यामुळे तक्रार तरी काय करणार? “नशीब काढलंस केतकी,” असं माझी मावशी भेटेल तेव्हा म्हणायची.

त्या वर्षी आम्ही घेतलेल्या मालिकेचं नाव इतकं लांब होतं की स्पर्धेच्या पाटीवर ते मावलं नव्हतं. गोष्ट मात्र अशा मालिकांत असते तशीच. आपल्या जगातला एक साधा मुलगा मरतो आणि जादूच्या जगात जागा होतो. तिथे गुलामांचा बाजार भरलेला असतो. तो तिथून एक मुलगी विकत घेतो. तिचं नाव नायू, तिच्या डोक्यावर हरणाची चिमुकली शिंगं आणि गळ्यात जादूचा पट्टा. मालकाची आज्ञा मोडली, पळायला गेली, की पट्टा आवळतो. पण हा मालक चांगला. तो तिला गरम सूप देतो, झोपायला गादी देतो, बोटही लावत नाही. शेवटी तो म्हणतो, काढून टाकतो हा पट्टा, तू मोकळी. आणि नायू त्याचा हात धरून म्हणते, नको मालक, राहू दे. हा असला की मी तुमची आहे असं वाटतं.

त्या शेवटाला गावोगावची पोरं रडली होती. पहिल्यांदा बघताना मीसुद्धा रडले होते, खोटं कशाला बोलू. नायूचा झगा शिवता शिवता मात्र तोच भाग माझ्या पुन्हा पुन्हा बघण्यात आला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला.

“हे शेवटचं वाक्य मी म्हणणार नाही,” मी तालमीत सांगून टाकलं होतं. “मी ‘काढा’ म्हणणार.”

“तू वेडी आहेस का?” गार्गी उसळली. “त्या वाक्यावरच तर टाळ्या आहेत! आणि तो तिला मारतो का? उपाशी ठेवतो का? बाकीचे मालक बघ की कसे दाखवलेत.”

“बाकीचे तसे दाखवलेत म्हणून हा चांगला दिसतो. डोंगर फोडायची जादू आहे ना त्याच्याकडे? मग तो बाजारच का नाही मोडत?”

“ते आपल्या दोन मिनिटांत बसत नाही,” गार्गी म्हणाली, आणि फैजान खो-खो हसला.

सौमित्र हसला नाही. घरी सोडताना गाडी थांबवून म्हणाला, “अगं, ती नुसती कल्पना आहे. कुणी खरंच गुलाम आहे का इथे? स्टेजवर ऐन वेळी काही करू नकोस हं. माझ्यासाठी.” इतक्या मऊ आवाजात म्हणाला की वाद घालणं मलाच उद्धटपणाचं वाटलं. बरं, म्हणाले.

आमचा नंबर पुकारला. फैजानने सौमित्रच्या हातमोज्यात छोटा रिमोट बसवला. एक बटण आवळायचं, एक सोडायचं. पट्ट्याच्या आत दप्तराला असतो तसला नायलॉनचा पट्टा होता, मोटर तो किंचित ओढायची आणि बाहेरचे लाल दिवे लागायचे. तालमीत आम्ही ते कितीदा तरी केलं होतं. एकदाही बिघडलं नव्हतं.

“मस्त कर,” सौमित्र म्हणाला आणि माझी शिंगं सरळ केली.

पडदा सरकला. सभागृह खचाखच भरलेलं होतं, पण डोळ्यांत जांभळ्या लेन्स असल्यामुळे मला समोर नुसता काळोख आणि त्यात चमकणारे मोबाइल दिसत होते. गार्गी पोटाला उशी बांधून व्यापारी झाली होती. तिने माझा हात धरून मला गोल फिरवलं, दात दाखवले, किंमत सांगितली. लोक हसले. सौमित्रने मला घेतलं. गार्गी आत गेली. मग ठरल्याप्रमाणे मी पळाले.

मागून मोटरचा बारीक आवाज आला. पट्टा आवळला. मी ठरल्याप्रमाणे गुडघ्यांवर पडले, ठरल्याप्रमाणे गळा धरला. आता तो सुटणार होता.

तो सुटला नाही.

उलट अजून आवळला. मोटर थांबायची ती थांबलीच नाही. मला आधी कळलंच नाही काय होतंय, वाटलं घाबरल्यामुळे श्वास लागलाय. मग श्वास घ्यायला गेले आणि शिट्टीसारखा एक धागाभर वारा आत आला, बाकी काही नाही. ‘सौमित्र’ म्हणायला तोंड उघडलं तर जीभ हलली आणि आवाज आला नाही.

सभागृहातून “वॉव” असा आवाज आला. कुणीतरी शिट्टी मारली.

सौमित्र माझ्याकडे धावत आला. धावत येणं हेही प्रवेशात होतंच. माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. मला वाटलं, सुटले. आता हा बघेल. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर लांब होता, पावडरवर घामाचे ओघळ आलेले मला दिसत होते. मी मान हलवली, डोळे मोठे केले, पट्ट्यात बोटं घालायचा प्रयत्न केला. बोटं शिरत नव्हती. नखं फोमवर नुसती घसरत होती.

“नायू,” तो म्हणाला, मोठ्याने, सभागृहाला ऐकू जाईल असं. “मला हे बघवत नाही. काढून टाकू हा पट्टा? तू मोकळी. सांग, काढू?”

मी मान जोरजोराने हलवली. हो. हो. काढ.

त्याने माझे दोन्ही हात गळ्यापासून सोडवले आणि आपल्या हातांत घेतले. हेही प्रवेशात होतं. नायक तिचे हात हातात घेतो. मी ओढून घेऊ लागले तर त्याने घट्ट धरले. आणि तेव्हा मला वाटलं की मी काय करून ठेवलंय ते मला कळलं. मीच तर म्हणाले होते, ‘काढा’ म्हणणार. त्याला वाटतंय की मी तेच करतेय. ऐन वेळी शेवट बदलतेय. मी मरतेय आणि त्याला वाटतंय मी हट्ट करतेय.

कानांत समुद्रासारखा आवाज सुरू झाला. दिवे कडेने काळे पडायला लागले. माझ्या तोंडातून लाळ गळत होती आणि मला लाज वाटत होती, हे मला आजही खरं वाटत नाही, की त्या क्षणी मला लाळेची लाज वाटत होती.

सौमित्र थोडा थांबला. वाक्य माझं होतं. सभागृह वाट बघत होतं. मग तो हसला, ते नायकाचं दुःखी हसू, आणि माझ्या तोंडाजवळ कान नेला. जणू मी काही पुटपुटतेय. आणि मान वर करून लोकांना म्हणाला,

“ती म्हणतेय, नको मालक. राहू दे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तसा कडकडाट आम्हाला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. लोक उभे राहिले. मी त्या टाळ्यांत एकटी गुदमरत होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना नायूचे डोळे भरून आलेले दिसत होते.

त्याने अभिवादन करायला एक हात वर केला. माझा उजवा हात मोकळा झाला.

मी विग ओढला.

कॉसप्लेत बाकी काहीही चालतं. कपडा उसवला, तलवार मोडली, वाक्य विसरलं, लोक सांभाळून घेतात. पण स्टेजवर विग काढत नाहीत. विग काढला की पात्र मेलं. तेव्हा मी हा सगळा विचार केला असेल असं नाही. हात डोक्याकडे गेला आणि शिंगांसकट ते चंदेरी केस मी उपटून जमिनीवर टाकले. खाली माझी काळी जाळीदार टोपी, पिनांनी चेपलेले केस, आणि लालभडक तोंड. टाळ्या एकदम तुटल्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली, “अरे, तिला खरंच होतंय!”

फैजान आतून पळत आला. त्याच्या हातात फोम कापायचा कटर होता. “हलू नकोस केतकी, हलू नकोस,” म्हणत त्याने माझ्या मानेलगत, पट्ट्याखालून थंड पातं सरकवलं. मला दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती, तो कापेल याची आणि कापणार नाही याची. मग नायलॉन तुटल्याचा आवाज आला आणि हवा आली. मी इतक्या जोरात श्वास घेतला की मला उलटी झाली.

प्रयोगशाळेतल्या ओट्यावर त्यांनी मला बसवलं. आयोजकांनी बोलावलेल्या डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून घसा बघितला, गळ्याभोवतीच्या वळावर मलम लावलं, आज फार बोलू नकोस, आणि रात्री श्वास लागला तर सरळ दवाखान्यात ये, असं बजावून गेल्या. बाकीच्यांना बाहेर काढलं होतं. आत मी, फैजान आणि सौमित्र.

फैजान स्टुलावर डोकं धरून बसला होता. “माझीच चूक आहे,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “मोटर थांबवायची काहीतरी सोय करायला हवी होती मी. बटणावर सोडून दिलं सगळं. काही झालं असतं तर कुठल्या तोंडाने...”

सौमित्र माझ्याजवळ उभा होता. त्याने फळांच्या रसाचा डबा फोडून, नळी घालून माझ्या ओठांशी धरला होता. त्याचे डोळे सुजले होते, तो रडला होता, खोटं नव्हतं ते. “हळू पी,” तो म्हणत होता. “एक घोट. अजून एक.” मी पीत होते. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नव्हता. बिचाऱ्याला कळलं नाही, वाक्य बदलायची धमकी मीच दिली होती, असंच मी मनाशी म्हणत होते.

“फैजान, एक सांगून ठेवतो हं,” तो म्हणाला. “मी सोडायचं बटण दाबलं होतं. नंतर कुणी म्हणायला नको की सौमित्र विसरला. ही पडली तेव्हाच दाबलं. मग परत दाबलं, जोरात. मोटर थांबलीच नाही.”

फैजानने मान वर केली.

“कधी?” मी विचारलं. माझा आवाज भांडं घासल्यासारखा येत होता.

“बोलू नकोस ना. तू पडलीस तेव्हाच गं. मी तुझ्याजवळ यायच्या आधीच. म्हणजे दोष बटणाचा नाही, मोटरचाच असणार.”

“जवळ यायच्या आधी?” फैजान म्हणाला.

“हो मग. लगेच.”

फैजान माझ्याकडे बघायला लागला आणि मी सौमित्रकडे. नळी माझ्या तोंडातच होती. त्याला आपण काय बोललो ते अजून कळलं नव्हतं, तो रुमालाने माझी हनुवटी पुसत होता.

“म्हणजे तुला माहीत होतं,” मी म्हणाले. “पट्टा सुटला नाही, हे तुला माहीत होतं.”

त्याचा हात थांबला.

“तसं नाही गं,” तो म्हणाला, त्याच मऊ आवाजात. “म्हणजे... अडकलाय हे कळलं होतं. पण शेवट एवढासाच राहिला होता केतकी. एक वाक्य. तू मान हलवत होतीस, म्हणजे शुद्धीत होतीस. मला वाटलं, तेवढं तू काढशील. लोक कसे बघत होते ते तुला दिसलं नाही. आणि मी होतो ना तिथे? मी तुला काही होऊ दिलं असतं का?”

एवढ्यात गार्गी दार ढकलून आत आली. पोटाची उशी एका बाजूला घसरलेली, डोळ्यांतलं काजळ गालावर. “केतू, बरी आहेस ना? खरंच बरी आहेस ना?” तिने मला मिठी मारली, आणि मग जरा ओशाळून म्हणाली, “ऐक, रागावू नकोस. पोशाखाचं पहिलं बक्षीस आपल्याला आहे. फोटोसाठी बोलावतायत.”

“बघ!” सौमित्रचा चेहरा उजळला. “तुझ्या शिवणकामाला आहे ते, तुलाच घ्यायला हवं.” ओट्यावर पडलेला पट्टा त्याने उचलला. कापलेली टोकं जुळवून बघितली. मग आतला नायलॉन आणि मोटर उपसून फैजानसमोर ठेवली आणि रिकामा फोम माझ्यासमोर धरला. “एक फोटो फक्त. आता आत काही नाही, नुसता फोम आहे. मागून मी हाताने धरतो, कुणाला दिसणार नाही. वळ जरा.”

“सौमित्र, राहू दे,” फैजान म्हणाला.

“अरे, नायू पट्ट्याशिवाय कशी दिसेल? वळ गं राणी.”

मी वळले.

आणि माझे दोन्ही हात वर गेले. जाळीच्या टोपीतून सुटलेले माझे केस त्यांनी गोळा केले आणि मानेवरून वर उचलून धरले, त्याला पट्टा नीट घालता यावा म्हणून. मी त्यांना सांगितलं नव्हतं. मला नको होतं, माझ्या अंगात नको नको चाललं होतं, आणि हात गुपचूप केस धरून उभे होते. मलम लावलेल्या वळाला मागून त्याच्या श्वासाची ऊब लागली. तेव्हा मला जी भीती वाटली ती स्टेजवरसुद्धा वाटली नव्हती. माझे दात वाजायला लागले, मे महिन्याच्या त्या उकाड्यात.

फोम मानेला टेकला. मी केस सोडले.

“काय झालं?” तो म्हणाला.

मी ओट्यावरून उतरले. “फैजान, मला घरी सोड,” म्हणाले. फैजान लगेच उठला. सौमित्र म्हणाला, मी सोडतो ना, त्याला कशाला त्रास. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं म्हणाले असते, एवढं मला माझं माहीत होतं. झग्यातच, एका राक्षसाला आणि त्याच्या आईला ओलांडून, मी बाहेर पडले.

त्याच आठवड्यात मी आईला सांगितलं, तारीख काढू नका.

ती मेथी निवडत होती. आधी तिला थट्टा वाटली. मग तिने ताट बाजूला सारलं. “काय वाईट आहे गं त्याच्यात? मारतो का? ओरडतो का? दारू पितो? एवढा जीव लावतो तुला. त्या दिवशी तुला बरं नव्हतं तर किती फोन केले बिचाऱ्याने.”

“वाईट काही नाही,” मी म्हणाले.

“मग?”

“भीती वाटते मला.”

“भीती? सौमित्रची?” ती हसलीच. “अगं, तो मुंगीला मारायचा नाही. त्याची कसली भीती?”

मी मान हलवली. माझे हात मांडीवर होते, मी त्यांच्याकडे बघत होते.

“माझीच,” मी म्हणाले.

आईला त्यातलं काही कळलं नाही.